नाचणीच्या रंगाचा प्लग

बेल्हे,
१२ जानेवारी १९९७

मेहुणेबुवा रामनाथ,

आशीर्वाद लिहायला बसलो आणि आधी शिव्याच सुचल्या. त्या तुझ्या ताईने वाचल्या आणि फाडल्या, म्हणून हा कागद दुसरा.

तू हर्णैला बोटींच्या इंजिनांत हात घालायला गेलास आणि जाताना ती मातीत पळवायची मोटारसायकल माझ्या दारात लावून गेलास. 'दाजी, पेठला ठेवली तर आई भंगारात घालील, तुम्हीच वापरा.' शर्यतीत तुझं खांद्याचं हाड मोडलं तेव्हापासून आईंना तिचा राग आहे, ते मला ठाऊक आहे. मी आपला खूश. उंच मडगार्ड, दातेरी टायर, फुगीर पोटाचा सायलेन्सर. बेल्ह्याच्या बैलबाजारात असली गाडी दुसऱ्या कुठल्या दलालाकडे नाही.

पण रामनाथ, ती गळते. काळं, चिकट, काजळ कालवल्यासारखं तेल. सायलेन्सर इंजिनाला जिथं जोडलाय त्या मानेतून येतं आणि उजव्या अंगाला मागे उडतं. गेल्या बाजाराला गेणभाऊंचा सौदा लावला. रुमालाखाली त्यांचा हात माझ्या हातात, बोटं दाबून भाव चाललेला, आणि अख्खा बाजार रुमालाकडे डोळे लावून उभा. सौदा जमला. गेणभाऊ म्हणाले, "कुंडलिक, आळेफाट्याला सोड बाबा मला. नातीची सुपारी फोडायची हाये." धोतर परीटघडीचं, बगळ्यासारखं. सोडलं. मांडवात जाऊन बसले तर उजवा पाय गुडघ्यापासून खाली काळा. मुलाकडचे म्हणाले, "पावणं गटारात पाय घालून आलं का काय?" गेणभाऊ तेव्हापासून यष्टीने जातात.

माझ्या शेजारी उभा राहणारा दलाल सावळेराम, त्याला तर विषयच मिळाला. भर बाजारात ओरडला, "कुंडलिकभाऊ, तुमच्या गाडीला ढाळ लागल्यात, हळद पाजा!" माझ्या मानेला सुतळी, साबण, डांबर, सगळं करून झालं. माझ्या म्हणजे गाडीच्या. बघ, लिहितानाही घोटाळा होतो.

तुला माझा धंदा माहीत आहे. लोक बैलाच्या शिंगाला तेल चोळतात, दात कानशीने घासून वय चोरतात, बाजाराच्या सकाळी मीठ चारून पोटभर पाणी पाजतात म्हणजे बैल भरलेला दिसावा. मी आजवर कुणाच्या जनावराची खोड झाकली नाही. म्हणून लोक माझ्या रुमालाखाली हात घालतात. आणि आता बाजाराच्या अलीकडेच गाडी बंद करून मी ढकलत आत नेतो. लाज वाटते रे.

उपाय लिही. लवकर.

तुझा,
कुंडलिक


हर्णै,
२४ जानेवारी १९९७

दाजींना आणि ताईला नमस्कार.

तुमचं पत्र मी कारखान्यात मोठ्याने वाचलं, ते चुकलंच. आता बोटीवरचे तांडेल मला रोज विचारतात की गेणभाऊंचं धोतर निघालं का.

दाजी, मानेला काही गुंडाळू नका. गळणं हे दुखणं नाही, दुखण्याची खूण आहे. या गाडीत तेल पेट्रोलमध्येच मिसळून जळतं. कार्बोरेटरमध्ये पितळेचा एक जेट असतो, जोंधळ्याच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. इंजिनाला किती पेट्रोल मिळायचं ते त्या भोकावर ठरतं. मी शर्यतीसाठी मोठ्या भोकाचा बसवला होता, कारण मी गाडी पिळून काढायचो. तुम्ही ती बैलांच्या मागे मागे चालवता. तिला एवढं खाणं जळत नाही. न जळलेलं तेल सायलेन्सरच्या पोटात साचतं आणि मानेच्या फटीतून बाहेर येतं.

सायलेन्सर उतरवा, आतली काजळी जाळून झटकून काढा. मानेत नवा वायसर घाला. मग गाडीबरोबर ठेवून आलोय ती माझी पत्र्याची पेटी उघडा, तिच्यात एका काड्यापेटीत नंबर कोरलेले जेट आहेत. एका वेळी एकच नंबर खाली यायचं. जेट बदलला की आळेफाट्याच्या पुढे सरळ रस्त्यावर गाडी पूर्ण रेसवर पळवायची, तशीच क्लच दाबून बंद करायची आणि प्लग खोलून रंग बघायचा. तव्याच्या बुडासारखा काळा ओला असेल तर आणखी एक नंबर खाली. नाचणीच्या भाकरीचा रंग आला की थांबायचं, तिथं गाडी सुखी.

आणि प्लग जोंधळ्याच्या भाकरीसारखा पांढरा निघाला तर गाडीवर बसायचं नाही, ढकलत घरी आणायची. पांढरा म्हणजे इंजिन उपाशी. उपाशी इंजिन दिसायला फार छान असतं. गळत नाही, धूर नाही, आवाज कसा खणखणीत. आणि एक दिवस आत पिस्टन चिकटतो आणि मागचं चाक जागच्या जागी बांधल्यासारखं होतं. माझं हाड तसंच मोडलं. आईला मी सांगितलंय की खड्डा होता.

म्हणून घाई नको. नव्या खोंडाला औताला शिकवताना तुम्ही जसा धीर धरता तसंच हे काम आहे. ते मी तुम्हाला काय सांगणार.

तुमचा,
रामनाथ


बेल्हे,
१६ फेब्रुवारी १९९७

मेहुणेबुवा,

फत्ते!

सायलेन्सर उतरवून परसात जाळला. तुझ्या ताईने शेजारणीला सांगितलं की आमचे हे लोखंडाची होळी करतायत, सण अजून लांब आहे पण धीर निघत नाही. मानेत नवा वायसर घातला. जेट बदलला. एका दुपारीच काम उरकलं, आहेस कुठे!

आता गाडी अशी कोरडी की मानेवरून पांढरा रुमाल फिरवला तरी डाग नाही. मी फिरवून दाखवलाच, भर बाजारात, सावळेरामच्या नाकासमोर. त्याचं तोंड बघायला तू हवा होतास. धूर म्हणशील तर सकाळच्या थंडीत पहिली किक मारली तरी नाही. आवाज बाकी तू लिहिलास तसाच, खणखणीत. गेणभाऊ परवा स्वतःहून मागे बसले. आधी बोटाने सायलेन्सर चाचपून बघितला, मग बसले, पण बसले.

प्लगचा रंग विचारशील. नाचणीची भाकरी, हुबेहूब.

एक विचार आहे. गाडी आता नीट आहे तोवर चांगल्या माणसाला देऊन टाकावी का? तू काही परत मातीत उतरणार नाहीस, आणि मला बाजारापुरती साधी गाडी बरी. तुझी आहे, तू म्हणशील तसं.

तुझा,
कुंडलिक


हर्णै,
१ मार्च १९९७

दाजींना नमस्कार.

पत्र वाचून छाती फुगली. मी पत्रातून डॉक्टरी केली आणि रोगी बरा झाला, हे मी कारखान्यात दहा जणांना सांगितलं.

थंडीत पहिल्या किकला धूर नाही हे वाचून जरा थबकलो. या गाड्या गार असताना थोडा तरी धूर टाकतात. पण तुम्ही प्लग बघितलाय आणि नाचणी म्हणताय, म्हणजे प्रश्नच मिटला.

गाडी द्यायची तर द्या. माझी एकच अट आहे, तिला चिखलात नेणारा माणूस बघा. शोभेला दारात लावणाऱ्याला देऊ नका. आणि बैल विकताना सांगता तसं तिचं सगळं सांगून द्या.

तुमचा,
रामनाथ


बेल्हे,
२२ मार्च १९९७

रामनाथ,

तुझ्या मनासारखं गिऱ्हाईक लागलं. डिंभ्याच्या वरच्या डोंगरातला भिका. दोन वर्षांपूर्वी माझ्याच हातून बैल घेऊन गेला होता. भात, नाचणी करतो, आणि या दिवसांत हिरडा गोळा करून घोडेगावला घालतो. पोती डोक्यावरून उतरवायची, मग यष्टीची वाट बघत बसायचं. त्यांच्या वाडीचा रस्ता म्हणजे नुसता दगड आणि चिखल. गाडीचे टायर बघूनच तो खाली बसला आणि हात फिरवायला लागला.

म्हणाला, "कुंडलिकभाऊ, बैल तुमी दिला त्यो सोन्यावानी निघाला. गाडीचं मला काय बी कळत न्हाई. तुमी चांगली म्हणत असाल तर चांगली."

व्यवहार रुमालाखालीच केला, तोच म्हणाला तसं करू. त्याची बोटं म्हणजे बाभळीच्या काटक्या, राठ आणि ताठ, पण बोलायला एकदम साफ. दाबलं की दाबलं, सोडलं की सोडलं. घासाघीस नाही. तुझे पैसे तुझ्या उज्ज्वलाताईने बाजूला ठेवलेत.

सावळेराम म्हणाला, "कुंडलिकभाऊंच्या हातची वस्तू, बघायचं काम न्हाई." ऐकून बरं वाटलं.

बाकी सगळं ठीक.

कुंडलिक


हर्णै,
१० एप्रिल १९९७

दाजींना नमस्कार.

भिकाबद्दल वाचून फार बरं वाटलं. हिरडा वाहणारी गाडी म्हणजे तिचा जन्म सत्कारणी लागला.

त्याला तीन गोष्टी कळवा. टू-स्ट्रोक त्याने आधी चालवलेली नसणार. डोंगर चढून माथ्यावर आल्यावर इंजिन तापलेलं असतं, तेव्हा दोन मिनिटं थांबायचं. उतारावर रेस एकदम सोडून गाडी नुसती घरंगळत ठेवायची नाही, कारण पेट्रोलबरोबर तेल जातं, रेस बंद तर तेलही बंद. आणि उतरताना दोन बोटं कायम क्लचवर. चाक बांधलं गेल्यासारखं वाटलं तर क्लच दाबायचा, बाकी काही नाही.

पुढच्या बाजाराला तिकडचं कुणीतरी भेटेलच, त्याच्याजवळ निरोप द्या.

तुमचा,
रामनाथ


हर्णै,
१५ जून १९९७

दाजींना नमस्कार.

दोन महिने झाले, तुमचं पत्र नाही. मी काही चुकीचं लिहिलं का? ताईचं कार्ड आलं, त्यात तिने दुसरंच काहीबाही लिहून शेवटी एवढंच म्हटलंय की तुम्ही दोन बाजार गेला नाहीत आणि जेवणावर लक्ष नाही. तुम्ही आणि बाजार बुडवता? लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हळदीच्या अंगाने बाजारात गेलेला माणूस.

तब्येत बरी नसेल तर तसं कळवा. दुसरं काही असेल तर तेही कळवा.

तुमचा,
रामनाथ


बेल्हे,
९ जुलै १९९७

रामनाथ,

तब्येतीला काही झालेलं नाही.

भिका पडला. एप्रिलच्या शेवटाला, हिरड्याचं पोतं मागे बांधून माथ्यावरून घोडेगावकडे उतरत होता. वळणावर मागचं चाक बांधलं गेलं आणि गाडी उजव्या अंगावर आडवी होऊन कठड्याच्या दगडावर गेली. उजवा हात हँडलच्या मुठीसकट गाडीखाली सापडला. बाजारात त्याच्या भावकीतला एक जण भेटला, त्याने सांगितलं. सांगताना तो हसत होता, कारण त्यांच्या वाडीत सगळेच हसतायत. "आमच्या भिकाला नांगुर धरायचं कळतं, गाडी कशी धरायची ते न्हाई कळत. इतकी चांगली गाडी दलालानं दिली, येड्यानं आपटली."

तुझा निरोप मी दिला नव्हता. तिकडची माणसं दर बाजाराला भेटत होती. निरोप दिला असता तर भिकाने विचारलं असतं की असं का, गाडीत काही आहे का. म्हणून टाळलं.

आता खरं लिहितो. एकेक नंबर खाली मी आलोच नाही. पहिला जेट बदलला, पळवली, प्लग काळा. दुसऱ्या दिवशी बाजार होता आणि मला सावळेरामचं तोंड बंद करायचं होतं. काड्यापेटीतला सगळ्यात लहान जेट उचलला आणि बसवला. गाडी कोरडी झाली. प्लग पांढरा निघाला, रामनाथ. पांढराफेक. तुझं पत्र समोर होतं आणि तरी मी स्वतःला सांगितलं की पांढरं म्हणजे स्वच्छ. धोतर पांढरं चांगलं, रुमाल पांढरा चांगला, तसा प्लगही. मग तुला पत्र लिहायला बसलो तेव्हा 'पांढरा' असं लिहवेना. घाई केली हे तुला कळलं असतं. मेहुण्यासमोर खाली बघायला नको म्हणून नाचणी लिहिली. आणि एकदा लिहिल्यावर भिकालाही 'चांगली' म्हणून टाकणं काही जड गेलं नाही.

शिंगाला तेल चोळणाऱ्यांना मी जन्मभर नावं ठेवली. मी सायलेन्सरला रुमाल चोळला, एवढाच फरक.

त्याला बघायला गेलो. ओसरीवर घोंगडी घेऊन बसला होता, हात घोंगडीच्या आत. गाडी गोठ्यात, वर गवताचे भारे टाकलेले, कुणाला दिसू नये म्हणून. मला बघून उठायला लागला. म्हणाला, "कुंडलिकभाऊ, तुमी येवढ्या इश्वासानं वस्तू दिली आन् मी तिची माती केली. तोंड दाखवायला जागा न्हाई राह्यली मला." रामनाथ, तो माझी माफी मागत होता. त्याची बायको चिमाबाई मध्येच म्हणाली, "ह्यांच्या हातात काय टिकतच न्हाई भाऊ, तुमी वाईट वाटून घेऊ नका."

मग तिने जेवायला वाढलं. ताटात नाचणीची भाकरी होती. मी तुकडे मोडून ताटातच ठेवत होतो. ती म्हणाली, "आमच्याकडची भाकर तुमाला जड पडती व्हय?" मी हो म्हणालो. तेही खोटंच.

सांगितलं नाही. उठलो आणि आलो. उज्ज्वलाला अजून माहीत नाही. तुला पहिल्यांदा लिहितोय. आता तुला मला काय म्हणायचंय ते म्हण.

कुंडलिक


हर्णै,
२ ऑगस्ट १९९७

दाजींना नमस्कार.

तुमचं पत्र आल्यापासून चार वेळा लिहायला बसलो. आधी रागाने लिहिलं, ते ठेवलं नाही. कारण रागावण्याआधी मला माझंच सांगायला हवं.

थंडीत पहिल्या किकला धूर नाही, मानेवर डाग नाही, आवाज खणखणीत. दाजी, मी या गाड्यांवर मोठा झालो. ते वाचलं तेव्हाच मला समजलं होतं की प्लग नाचणीचा असूच शकत नाही. एक ओळ लिहायची होती, 'प्लग परत बघा.' ती मी लिहिली नाही. जावयाला खोटं कसं पाडायचं? तुम्ही पेठला आलात की आई अजून डोक्यावर पदर घेते, आप्पा पाट मांडतात. त्या पाटावर बसलेल्या माणसाला मी कसं म्हणू की तुम्ही खोटं लिहिताय. शिवाय कारखान्यात माझी वाहवा चालली होती, ती मला सोडवत नव्हती. 'प्रश्नच मिटला' असं लिहून मी माझी सुटका करून घेतली. पत्रात थबकलो म्हणून लिहिलं आणि पुढे गेलो. तुम्ही भिकाला विकलीत, पण त्या वळणावर त्याला आपण दोघांनी पाठवलं.

वर डोंगरात हवा पातळ असते, तिथं इंजिनाला पेट्रोल थोडं कमी लागतं. म्हणून वरती गाडीने महिनाभर कसंबसं निभावलं असणार. खाली उतरताना हवा दाट होत जाते आणि मग ते पेट्रोल पुरत नाही. त्यात तापलेलं इंजिन, त्यात रेस सोडलेली. भिकाचा हात कितीही चांगला असता तरी ते चाक बांधलं गेलंच असतं. हे त्याला कळलं पाहिजे दाजी. त्याच्या वाडीला कळलं पाहिजे. तो स्वतःला येडा समजून जन्म काढील आणि आपण दोघं शहाणे म्हणून फिरू, असं नको.

नारळी पौर्णिमेला बोटी समुद्रात गेल्या की मला सुट्टी मिळते. पिस्टन, रिंगा आणि बरोबर नंबरचा जेट घेऊन येतो. इंजिन मी उघडतो. बोलायचं मात्र तुम्ही. तुमचं बोलून झालं की माझं मी बोलेन.

तुमचा,
रामनाथ


बेल्हे,
२३ नोव्हेंबर १९९७

रामनाथ,

तू परत गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होतो. पण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडलंय.

तू होतास तेव्हा भिका काय बोलला ते तू ऐकलंसच. तू त्याच्या गोठ्यात इंजिन उघडून तो ओरखडलेला पिस्टन काढलास, मी वाडीतल्या माणसांसमोर सांगितलं की जेट मी बदलला, प्लग पांढरा होता, मला माहीत होतं, भिकाचा हात चांगला होता. माझ्या मागोमाग तू तुझं सांगितलंस. भिका घोंगडीतून हात बाहेर न काढता म्हणाला, "च्या घ्या." आपण चहा घेतला. चिमाबाई तेवढी आपल्याकडे न बघता आत गेली आणि नंतर बाहेर आलीच नाही.

माझा धंदा तेव्हापासून निम्म्यावर आलाय. गोष्ट डोंगरातून बाजारात पोचायला वेळ लागला नाही. सावळेराम थट्टा करत नाही, हे जास्त वाईट. गेणभाऊंनी नातीच्या लग्नात आंदण द्यायच्या बैलजोडीचा सौदा दुसऱ्याकडून केला. मी समोरच उभा होतो, मला नमस्कार केला, आणि दुसऱ्याच्या रुमालाखाली हात घातला. घरी येऊन उज्ज्वलाला सगळं सांगितलं. ती रडली आणि मग म्हणाली, "मला वाटलं व्हतं कुणी बाई हाये." त्यावर हसू आलं आणि हसल्याचीही लाज वाटली.

परवाच्या बाजाराला भिका आला.

गाडीवर आला, रामनाथ. पोतं मागे बांधलेलं. उजव्या मुठीवर घोंगडीचा पदर ओढून, भार डाव्या हातावर घेत, हळू, पण गाडीवर. मानेपाशी बोटभर काळा डाग होता. तू म्हणाला होतास की एवढं राहू द्या, एवढं असलं की इंजिन पोटभर जेवतंय असं समजायचं. त्या डागाकडे बघून मला बरं वाटलं, असल्या डागाकडे बघून कुणाला बरं वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

त्याचा एक बैल पावसाळ्यात पायाने गेला. भात झोडून झालं, आता जोड पुरी करायची होती. बाजारात दहा दलाल उभे होते. तो त्या सगळ्यांना ओलांडून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "बैल दावा." मी तीन जनावरं दाखवली. त्याने एक बैल पसंत केला. मालक माझ्या ओळखीचा, भाव त्याने मला आधीच कानात सांगून ठेवला होता. आजूबाजूला माणसं गोळा झाली. सगळ्यांना बघायचं होतं की भिका या दलालाच्या रुमालाखाली हात घालतो का.

मी खांद्यावरचा रुमाल काढून पसरला. भिकाने घोंगडीतून उजवा हात काढला आणि रुमालाखाली माझ्या हातात दिला.

मी भाव विचारायला त्याचा हात धरला. त्याने उत्तर द्यायला बोटं दाबली आणि मला काहीच कळलं नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकत नव्हतं. मधलं अर्ध्यावर येऊन थांबत होतं. त्याने परत दाबलं. परत तेच. मार्चमध्ये याच रुमालाखाली तीच बोटं होती, मीच तुला लिहिलं होतं, दाबलं की दाबलं, सोडलं की सोडलं. आपण दोघं त्याच्या वाडीला गेलो तेव्हा त्याने हात घोंगडीतच ठेवला होता. मला वाटलं होतं रागाने ठेवलाय. आपल्याला दिसू नये म्हणून ठेवला होता, रामनाथ.

रुमालाखाली डावा हात कुणी घेत नाही, म्हणजे आता त्याला रुमालाखाली कुणाशीच बोलता येणार नाही. या बाजारात नाही, घोडेगावच्या नाही, कुठल्याच नाही. मी ती बोटं एकेक करून चाचपली. रुमाल हलला, लोकांना वाटलं घासाघीस चाललीय. मी हात सोडणार तेवढ्यात त्याने उरलेल्या दोन बोटांनी माझा पंजा पकडून ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, अगदी साध्या आवाजात,

"बोटांचं ऱ्हाऊ द्या आता. तोंडानं बोला कुंडलिकभाऊ. समद्यांदेखत."

मी रुमाल काढला आणि खांद्यावर टाकला. मालक माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. उघड्यावर भाव बोलणारा दलाल बाजारात कुणी पाहिलेला नाही. मी भाव मोठ्याने सांगितला. मग बैलाचं तोंड उघडून वय सांगितलं. मग सांगितलं की मागच्या डाव्या पायाने हा चढाला जरा ओढतो, आणि डोंगरात नेणार असाल तर ते आधी बघून घ्या. मालक निघून जायला लागला, सावळेरामने त्याला धरून ठेवला.

भिका बैलाच्या मागे जाऊन उकिडवा बसला आणि डाव्या हाताने तो पाय चाचपू लागला. बराच वेळ चाचपत होता. मी तिथंच उभा होतो, सगळा बाजार माझ्याकडे बघत होता, आणि मला मान वर करता येत नव्हती.

"आजून काय हाये का सांगायचं?" त्याने खाली बसूनच विचारलं.

न्हाई, म्हणालो. एवढंच हाये.

तुझा,
कुंडलिक